मिस्टर डॉब्स यांना दिलेला फराळ

निवडणूक होऊन गेली तरी आमच्या अंगणातली पाटी आईनं काढली नाही. शेजारपाजारच्या पाट्या आठवड्याभरात गेल्या. हरलेल्यांच्या जरा घाईनं, जिंकलेल्यांच्या जरा रेंगाळत. आमची मात्र पहिला बर्फ पडला तरी गोठलेल्या गवतात तिरकी उभी होती. निळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं, 'डॉब्स, सिटी कौन्सिल'. मी म्हटलं, "आई, जिंकले ना ते, आता काढू या." ती म्हणाली, "असू दे गं शुभा. कोणाचं तरी नाव आहे दारात." तसं पाहिलं तर बाबांचंही नाव होतं, पत्रपेटीवर, त्यांनीच काळ्या रंगानं लिहिलेलं. पण बाबा घरी नव्हते.

अमेरिकेतल्या नोव्हाय नावाच्या शहराला लागून आमचं गाव होतं. तिथला प्रत्येक बाप्या या ना त्या प्रकारे गाड्यांच्या धंद्यात. त्या सुमाराला गाड्या खपेनाशा झाल्या आणि माणसं घरी बसू लागली. आमचे बाबा त्यांच्यातले. काही महिने त्यांनी तळघरात बसून अर्ज पाठवले, मग ह्यूस्टनला तेलाच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि ते आमची एकुलती एक गाडी घेऊन निघून गेले. घर विकलं की आम्ही मायलेकींनी मागून जायचं, असं ठरलं होतं. घर विकायचं म्हणजे घेणारा हवा. आमच्या रस्त्यावर 'विकणे आहे'च्या पाट्या इतक्या होत्या की निवडणुकीच्या पाट्या त्यांच्यात हरवायच्या. बाबा दर रविवारी फोन करायचे, आईशी थोडं आणि माझ्याशी त्याहून थोडं बोलायचे, आणि मागून त्यांच्या खोलीतल्या दोघा मराठी मंडळींचं भांडी कोणी घासायची यावरून चाललेलं भांडण ऐकू यायचं. मला त्या भांडणाचासुद्धा हेवा वाटायचा. आमच्या घरात भांडायलाही कोणी नव्हतं.

त्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. तळघरातली भट्टी धडधडत सुरू व्हायची, गरम हवा जाळीतून सूं करत यायची, मग ती थांबली की फ्रीजची घरघर, आणि ती थांबली की काहीच नाही. अकोल्याच्या घरात आई कशी होती ते मला आठवत होतं. भिंतीपलीकडच्या बाईशी ती भिंतीतूनच बोलायची. इथं शाळेतून मी घरी यायचे तेव्हा तिचा पहिला शब्द घोगरा निघायचा, कारण सकाळी मला 'स्वेटर घाल' म्हटल्यानंतर दिवसभरात ती दुसरं काही बोललेलीच नसायची. एकदा मी आले तर स्वयंपाकघरात दिवा नाही, आणि ती अंगात कोट, गळ्यात मफलर अशी टेबलाशी बसलेली. मी घाबरून विचारलं, "कुठं निघालीस?" म्हणाली, "कुठं जाणार? कोट घातला म्हणजे आपलं निघाल्यासारखं वाटतं." ती हसली, मीही हसले. त्यानंतर मात्र रोज घराच्या वळणावर आले की माझं पहिलं लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा आहे की नाही याकडे जायचं.

तिला यातून बाहेर काढलं ते बसनं. बस म्हणजे फार काही मोठं डोळ्यांपुढे आणू नका. पांढरी, बुटकी, म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून एक जादा पायरी लावलेली गाडी. आदल्या दिवशी फोन करायचा की ती दारात यायची. खरी ती वयस्कर लोकांसाठीच, पण गाडी नसलेल्या कोणालाही चालायची. समोरच्या मिसेस नोवाक, एक पोलिश विधवा, त्यांनी एके दिवशी आईला हाताला धरून तिच्यात बसवलं आणि कम्युनिटी सेंटरला नेलं. तिथं मंगळवारी आणि गुरुवारी म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण असायचं आणि भाज्या चिरायला हात कमी पडायचे. आई कांदे चिरायला लागली. महिन्याभरात ती तिथं वाटाण्याच्या सूपला जिऱ्याची फोडणी देऊ लागली, आणि ते सूप म्हणे संपायला लागलं. मंगळवार-गुरुवारी मी घरी यायचे तेव्हा दिवा असायचा, रेडिओ असायचा, आणि दारातच बातम्या सुरू व्हायच्या. कोणाच्या जावयानं काय केलं, कोणाचा गुडघा बदलायचाय, कोण कोणाशी पत्त्यांत लबाडी करतं. तिचं इंग्रजी त्या म्हाताऱ्यांनी घडवलं. म्हणून तिच्या बोलण्यात 'ओ डिअर' आणि 'गुडनेस' असले शब्द आले होते, आणि ते तिला नऊवारी नेसल्यासारखे शोभायचे.

आणि ही बस बंद पडायला आली होती. राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता, त्यामुळे गावोगावच्या अशा बसना मिळणारं सरकारी अनुदान नव्या वर्षापासून थांबणार होतं. गावानं आपल्या खर्चानं चालवली तर चालणार, नाहीतर नाही. त्या वर्षीची निवडणूक राष्ट्राध्यक्षांची नव्हती, मधल्या वर्षातली होती. टीव्हीवर सगळे राज्याचा गव्हर्नर कोण होणार यावर तावातावानं बोलायचे. आमच्या स्वयंपाकघरात मात्र गव्हर्नरला कोणी विचारत नव्हतं. सात जणांच्या सिटी कौन्सिलमध्ये तिघं बसच्या बाजूचे, तिघं विरुद्ध, आणि सातवी जागा रिकामी. त्या जागेवर कोण येतं, एवढीच आमची निवडणूक.

मिस्टर डॉब्स उभे आहेत हे आम्हाला कळलं ते ते स्वतः दार वाजवत आले तेव्हा. उंच, जरा वाकलेले, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं पत्रक त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यात एक वाक्य ठळक होतं, की निवडून आलो तर मी कोणाकडून कॉफीचा कपसुद्धा घेणार नाही. आधीच्या एका सभासदानं रस्त्याच्या ठेकेदाराकडून स्वतःच्या घराचं गॅरेज फुकट बांधून घेतलं होतं आणि त्यावरून गावात बराच गाजावाजा झाला होता, त्याला हा टोमणा. मी ते वाक्य आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "कॉफी नाही ना? मग चहा घ्या." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर मिस्टर डॉब्स दारातच मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "अजून निवडून तरी कुठे आलोय!" आणि आत येऊन बसले. आमच्या त्या घरात बसलेला, चहा प्यायलेला, दुसऱ्यांदा मागून घेतलेला तो पहिला आणि शेवटचा अमेरिकन माणूस. आई त्यांना स्पष्टच म्हणाली, "वी नो व्होट. ग्रीन कार्ड." मला वाटलं, आता हे कप ठेवून उठतील. ते म्हणाले, "मत नसलं तरी बस लागतेच ना, मॅडम." ते गेल्यावर आई कितीतरी वेळ त्यांनी रिकामा केलेला कप हातात घेऊन उभी होती. मग म्हणाली, "पाटी लाव त्यांची."

परवा इथं, आता मी राहते त्या पिस्कॅटवेला, माझ्या दारात एक मुलगी आली, हातात क्लिपबोर्ड, कोटाला बिल्ला, आडनाव देशपांडे. स्कूल बोर्डाला कोणीतरी उभं आहे त्याचा प्रचार करत होती. "Hi Aunty, do you have a voting plan?" मी म्हटलं, "आधी आत तर ये, चहा टाकते." ती म्हणाली, "Aww, I can't, I have like thirty more doors." माझं मत पक्कं आहे, नागरिक झाल्यापासून मी एकही निवडणूक सोडलेली नाही, गावानं गटारांसाठी कर्ज काढावं का, यावरसुद्धा मत देते. पण तिला तसं सांगून दार लावलं आणि उगाच चिडचिड झाली. चहाला नाही म्हणणाऱ्या माणसाला मी अजून मनापासून माफ करू शकत नाही.

मिस्टर डॉब्स निवडून आले. अगदी थोडक्यात, पण आले. आईनं मिसेस नोवाकना रस्त्यापलीकडून हात हलवून सांगितलं, त्यांनी पण खिडकीतून दोन्ही हात वर केले. रविवारी बाबांना तिनं फोनवर ही बातमी आधी दिली आणि घराला गिऱ्हाईक आलं नाही ही नंतर. बाबा म्हणाले, "अगं, तू कशाला त्या पॉलिटिक्समध्ये पडतेस? आपण ग्रीन कार्डवाले. गप राहावं." आई म्हणाली, "मी कुठं पडून राहिली? बसमध्ये तर बसते फक्त." असं फटकन उत्तर तिनं कितीतरी महिन्यांत दिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

निवडणूक सरते न सरते तोच दिवाळी आली. त्या वर्षी आईनं फराळाचा घाट घातला तो आमच्या दोघींच्या मानानं अवाढव्यच होता. भाजणी कोणीतरी सुटकेसमधून आणलेली, तिच्या चकल्या. नाश्त्याच्या सीरियलमधल्या कुरकुरीत तांदळाचा चिवडा. बेकिंगच्या फळीवर मिळणारं साखर लावलेलं खोबरं, ते पुन्हा भाजून करंज्यांत. बेसन भाजल्याचा वास पडद्यांत जाऊन बसला तो नाताळापर्यंत निघाला नाही. मी विचारलं, "एवढं कोणासाठी?" ती म्हणाली, "डॉब्स साहेबांना नेऊन द्यायचं ना. निवडून आलेल्या माणसाकडं रिकाम्या हातानं जातात का?" तिच्या माहेरी तशीच रीत होती. वॉर्डातला माणूस नगरपालिकेत निवडून आला की आजोबा हार आणि पेढे घेऊन सगळ्यांच्या आधी जायचे, मग त्याला मत दिलेलं असो की नसो. त्यात मागणं काही नसायचं. आपला माणूस मोठा झाला, तोंड गोड केलं, संपलं. शिवाय ते आमच्या घरी चहा पिऊन गेले होते. आईच्या हिशेबी आता तिची पाळी होती.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही बसनंच त्यांच्याकडे गेलो. स्टीलचा उभा डबा आईनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. मिसेस डॉब्सनी दार उघडलं, लगबगीनं आम्हाला बसवलं. मिस्टर डॉब्सनी चकली हातात धरून तिची वेटोळी न्याहाळली आणि हिला भूमितीत काय म्हणतात ते मला सांगितलं. करंजी खाताना सारण त्यांच्या स्वेटरवर सांडलं. बसचा विषय आईनं काढला नाही, त्यांनीही काढला नाही. निघताना मिसेस डॉब्सनी आईला मिठी मारली. आई मिठीला सरावलेली नव्हती, तिचे हात बाजूलाच राहिले. पण बसमध्ये बसल्यावर ती खिडकीबाहेर पाहत एकदम म्हणाली, "आपलं एक घर झालं गं इथं." तेव्हाचा तिचा चेहरा मला दिसतो. इतकी निर्धास्त मी तिला या देशात क्वचितच पाहिली.

डिसेंबरात कौन्सिलनं बसच्या प्रश्नावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. अशा सभेत कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतं, नागरिक असो वा नसो; फक्त नाव आणि पत्ता सांगायचा. आईनं बोलायचं ठरवलं. आठवडाभर ती कांदा चिरताना, केस विंचरताना इंग्रजीत पुटपुटत होती. मी वाक्यं लिहून देते म्हटलं तर नको म्हणाली. "वाचून दाखवलं तर त्यांना वाटेल दुसऱ्याचं आहे." त्या संध्याकाळी तिनं मोरपंखी सिल्क नेसलं, त्यावर कोट, खाली बर्फाचे बूट. मंगळवार-गुरुवारच्या सगळ्या म्हाताऱ्या पहिल्या दोन रांगांत बसल्या होत्या, काठ्या मांडीवर आडव्या. समोर उंच टेबलामागं सात जण. मिस्टर डॉब्स कडेला, नव्या टायमध्ये. आमच्याकडे पाहून त्यांनी किंचित मान हलवली.

आई बोलली, आणि फार छान बोलली. माईक तिच्यापेक्षा उंच होता म्हणून तो बाजूला सारून बोलली. ती म्हणाली, माझे मिस्टर दूर आहेत, मला गाडी नाही. ही बस येते तेव्हा मी बोलते, नाही येत तेव्हा नाही बोलत. एवढंच. सभागृहात कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. मिनिट शिल्लक होतं. ती तिथंच थांबली असती तर! पण तिला एक मोठं मन दाखवायचं होतं. ज्यानं आपल्याला धीर दिला त्याचं चारचौघांत नाव घ्यायचं, ही तर साधी रीत. ती मिस्टर डॉब्सकडे वळली, हात जोडले आणि भरल्या आवाजात म्हणाली की हे फार चांगले गृहस्थ आहेत, माझ्या घरी येऊन चहा प्यायले, इलेक्शननंतर मी यांच्या घरी आमच्या सणाचा डबा भरून मिठाई घेऊन गेले, यांनी आणि यांच्या मिसेसनी सगळी आवडीनं खाल्ली, म्हणून मला खात्री आहे की हे आमच्यासाठी बस ठेवतील.

ती जागेवर येऊन बसली आणि माझ्याकडे पाहून हसली. कपाळावर घाम होता. मी तिचा हात धरला. टाळ्या वाजतील असं मला वाटलं होतं. टाळ्या वाजल्या नाहीत. मिसेस हार्मन म्हणून विरोधी बाजूच्या एक सभासद होत्या, चष्मा साखळीला लावणाऱ्या. त्यांनी अतिशय सौम्य आवाजात विचारलं, "मिस्टर डॉब्स, हे खरं आहे का?" मिस्टर डॉब्सचे कान लाल झाले. ते म्हणाले, "खरं आहे." मग मिसेस हार्मननी त्यांचंच पत्रक काढलं आणि कॉफीच्या कपाचं ते वाक्य वाचून दाखवलं. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. गावाचे वकील उठून म्हणाले की खाऊचा डबा म्हणजे कायद्यानं काही गुन्हा होत नाही, मत द्यायचं की नाही ते सभासदानं स्वतः ठरवावं. महापौरांनी मिस्टर डॉब्सकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. ते टेबलावर हात पसरून म्हणाले, "मी लोकांना शब्द दिला होता. मी या मतदानातून बाजूला होतो." तीन विरुद्ध तीन झालं. बरोबरी झाली की ठराव पडतो. पुन्हा मांडायचा तर उन्हाळ्यातल्या बजेटपर्यंत थांबायचं. बस वर्षअखेर बंद.

मला अजूनही त्या संध्याकाळचा राग आहे, आणि तो कोणावर काढावा हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. मिसेस हार्मन त्यांचं राजकारण करत होत्या. आई तिची रीत पाळत होती. मिस्टर डॉब्स थोडे कमी प्रामाणिक असते तर म्हाताऱ्यांची बस वाचली असती. शाळेत आम्हाला नागरिकशास्त्रात अशाच माणसाला मत द्यायला शिकवत होते.

संध्याकाळी बस नसायची, म्हणून आम्ही चालत निघालो. कोणीतरी गाडीतून सोडतो म्हणालं, आई नको म्हणाली. रस्त्याला पदपथ नव्हता, कडेच्या बर्फातून पुढे-मागे चालायचं. सिल्कच्या काठाला चिखल लागत होता आणि ती तो उचलून धरत नव्हती. बरंच अंतर गेल्यावर ती मागं न वळता म्हणाली, "शुभा, ते काहून गप बसले गं? आपल्या बाजूचे होते ना?"

मी म्हटलं, "आपल्याच बाजूचे आहेत."

"मग?"

"तू फराळ दिलास ना, म्हणून. इथं असं समजतात की काहीतरी काम करून घ्यायला दिला."

ती थांबली. "म्हणजे लाच?"

 एक गाडी गेली, तिच्या दिव्यात ती पूर्ण उजळली आणि पुन्हा अंधारात गेली.

"करंज्यांची?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.  घरी आल्यावर तिनं साडी धुवायला घातली, माझ्यासाठी खिचडी टाकली, आणि स्वतः न जेवता झोपायला गेली.

बस वर्षअखेरपर्यंत चालणार होती. आई तिच्यात पुन्हा बसली नाही. "कोणत्या तोंडानं बसू? त्यांचीच बस मी घालवली." म्हाताऱ्या खरं म्हणजे तिच्यावर चिडलेल्या नव्हत्या. मिसेस नोवाक रस्ता ओलांडून सांगायला आल्या, बर्फात काठी रोवत. म्हणाल्या, त्या हार्मनबाईला एक डबा पाठवायला हवा होतास, तीही गप्प बसली असती. आई हसली, त्यांना चहा दिला, पण बसमध्ये गेली नाही. जानेवारीत मिसेस नोवाकना त्यांची मुलगी ओहायोला घेऊन गेली. एकट्या म्हातारीनं गाडी ना बस अशा गावात कसं राहायचं? समोरच्या खिडकीतही दिवा लागेनासा झाला. आमच्या खिडकीचं तर विचारूच नका. मी वळणावर यायचे, अंधार दिसायचा. शाळेच्या लायब्ररीत उगाच बसून राहावं, घरी जाऊच नये, असं वाटायचं. मी जायचे. कोट घालून ती बसलेली असायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दार वाजलं. मी उघडलं तर मिस्टर डॉब्स. कानटोपी हातात, नाक लाल. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. त्यांना पाहून तिचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, सगळं पुन्हा नीट होणार. ते म्हणाले की त्यांना फार वाईट वाटलं, रात्र-रात्र वाटलं, पण दुसरं काही करणं त्यांना जमलं नसतं. मग म्हणाले की म्हाताऱ्यांचं जेवण अजून चालू आहे, कोण ना कोण त्यांना आणून सोडतं. मंगळवारी आणि गुरुवारी ते स्वतः येतील, आईला आपल्या गाडीनं नेतील आणि परत आणतील. सगळा हिवाळा. त्यांना काही त्रास नाही, उलट बरं वाटेल.

मी आईकडे पाहिलं.  हो म्हण, मी मनात म्हणत होते, आई, हो म्हण. मंगळवारी दिवा असेल. गुरुवारी दिवा असेल.

आईनं दार पूर्ण उघडलं. "कम, कम. इन. फर्स्ट टी."

मिस्टर डॉब्स पायरीवरून हलले नाहीत. त्यांनी कानटोपी दोन्ही हातांनी पिळली. "नाही येऊ शकत, मॅडम," ते म्हणाले. "या जागेवर आहे तोवर नाही. तुम्हाला समजत असेल."

उबदार हवा आमच्या पायांमधून बाहेर जात होती आणि थंडी आत येत होती. भट्टी सुरू झाली. आई त्यांच्याकडे पाहत होती, शांतपणे, एखाद्या नातेवाइकाकडे पाहावं तशी. मग तिनं मान हलवली.

"नो टी," ती म्हणाली, "नो कार, मिस्टर डॉब्स."

मी म्हटलं, "आई!" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "देतात, पण घेत नाहीत," ती मराठीत म्हणाली. "त्यांच्या गाडीत मी काय म्हणून बसू? भिकारीण म्हणून?"

ती काय बोलली ते त्यांनी मला विचारलं नाही. त्यांना कळलं असावं. त्यांनी टोपी घातली, तिच्याकडे पाहून किंचित वाकले, आणि बर्फातून स्वतःच्याच पावलांवर पाय देत गाडीकडे गेले. आईनं दार लावलं आणि खिडकीशी गेली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती पडदा धरून होती.

"चांगला माणूस आहे गं," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये बाबांनी मिळेल त्या किमतीला घर विकून टाकलं आणि ते आम्हाला न्यायला आले. तोवर ती घराबाहेर पडली नाही.